चाळीस हात मेंढरं

अण्णा विंचवाला भ्यायचे नाहीत, मालकाला भ्यायचे नाहीत आणि देवाशी त्यांचं जेवढ्यास तेवढं होतं. ते भ्यायचे फक्त रेघेला. क्रांती चौकापासून पाच मिनिटांवर एक टॉकीज होती, तिथे ते ऑपरेटर होते, म्हणजे वरच्या केबिनमध्ये मशीनवर पिक्चर चालवायचे. फिल्म मशीनमधून सरकताना धुळीचा एक कण जरी मध्ये अडकला तरी तो रिळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडा काढत जातो, आणि मग पडद्यावर नायिकेच्या नाकावरून एक हिरवी रेघ वीस मिनिटं थरथरत राहते. लोक शिट्ट्या मारतात ते वेगळंच. पण अण्णांना लोकांचं काही नव्हतं. प्रिंट आपल्याकडून पुढच्या गावाला जाणार, तिथला ऑपरेटर पेटी उघडणार, फिल्म उजेडात धरणार आणि म्हणणार, ‘हे औरंगाबादला झालं’, याचा त्यांनी धसका घेतला होता. रात्रीच्या जेवणाला बसले की पहिला घास घ्यायच्या आधी ते आईला सांगायचे, "आजबी रेघ नाय पडली." आई म्हणायची, "बरं झालं. वाढू का?"

आम्ही हर्सूलला राहायचो, जेलच्या भिंतीच्या अलीकडे. दोन खोल्या, वर पत्रे. घरात दोनच आवाज असायचे. एक स्टोव्हचा आणि दुसरा आईच्या सुईचा. सुईला कसला आला आवाज, असं कुणाला वाटेल, पण चार पदरी लुगड्यांतून जाड दोरा ओढताना जो बारीक करकर आवाज येतो तो मला अजून ऐकू येतो. आई लोकांच्या गोधड्या शिवायची. जुनी लुगडी, धोतरं, शर्ट यांचे थर अंथरायचे, कडेने काठ धरायचा आणि मग काठाच्या आत आत टाके घालत मध्यापर्यंत यायचं. एका गोधडीला तिला महिना लागायचा, पावसाळ्यात सव्वा महिना. कुणी घाई केली तर ती म्हणायची, "मग ब्लँकेट घ्या की." माझी शाळा सकाळची. दुपारी मी अण्णांचा डबा घेऊन सिटी बसने टॉकीजला जायचे. डब्यात ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, कांदा आणि शेंगदाण्याची चटणी. शुक्रवारी नवा पिक्चर लागायचा म्हणून त्या दिवशी धपाटे आणि घट्ट दही. केबिनमध्ये मशीनच्या उजेडासाठी लावलेल्या कार्बनच्या कांड्या जळून करपट वास सुटलेला असायचा आणि फिल्म जोडायच्या सिमेंटला पिकल्या केळ्यासारखा वास. या दोन वासांत बसून अण्णा जेवायचे. धपाटं हातात आणि नजर मशीनवर. मला अजून केळी पिकली की भूक लागते.

मी नववीत असताना एकदा डबा घेऊन गेले आणि अण्णांची वाट बघत बाल्कनीत बसले. पडद्यावर कसलंसं रडणं चाललं होतं आणि त्यावर रेघ पडली होती. ती प्रिंट आधीच्या गावाहूनच तशी आली होती, अण्णांचा दोष नव्हता, तरी ते वर केबिनमध्ये तोंड पाडून बसले होते. मी मात्र ती रेघच बघत बसले. ती जागेवर उभी नव्हती. किंचित डावीकडे जायची, थरथरायची, बारीक व्हायची, मध्येच दोन व्हायच्या आणि परत एक. पिक्चरमधली बाई जेवढी जिवंत वाटत होती त्याच्यापेक्षा ती रेघ मला जास्त जिवंत वाटली. ती कुणी काढली नव्हती, आपोआप पडली होती, तरी नाचत होती. मग कुणी मुद्दाम काढली तर? हा एक प्रश्न डोक्यात शिरला आणि माझ्या आयुष्याचं जे काय बरंवाईट झालं ते त्यातूनच झालं.

फिल्मची टाकाऊ पट्टी आमच्या घरी भरपूर. तुटलेले तुकडे अण्णा घरी आणायचे आणि आई त्या तुकड्यांनी लोणच्याच्या बरणीचं फडकं बांधायची. मी आधी कोऱ्या पट्टीवर शाईने काढून बघितलं. शाई थांबायलाच तयार नाही, थेंब होऊन ओघळायची. मग कुंकू डिंकात कालवून लावलं, ते वाळल्यावर खपली धरून पडलं. शेजारच्या नव्या नवरीची नखाला लावायची लाली मागून आणली, तर तिने फिल्मच विरघळली आणि पट्टी पापडासारखी वर वळली. आळता लावला, फुलाचा रंग लावला, कपडे रंगवायचा रंग लावला. चार महिने माझी बोटं रंगपंचमीची. शाळेत बाई विचारायच्या, "शकुंतला, घरी काय छपाई चालते का?" मी हो म्हणायचे.

शेवटी जे सापडलं ते रंग लावून नाही, काढून सापडलं. रिळाच्या शेवटी काळीकुट्ट पट्टी असते, तिच्यावर काही चित्र नसतं. अशीच एक पट्टी माझ्या मांडीवर होती आणि आईची सुई तिच्यावर पडली. उचलताना ओरखडा पडला. दारातल्या उन्हात धरून बघते तर ओरखडा हिरवा! पडद्यावरची रेघ असते ना, तशीच हिरवी. मी मुद्दाम जोरात ओरखडलं, तर पिवळी. आणखी जोर दिला, तर पांढरी स्वच्छ. त्या काळ्या रंगाच्या पोटात एकावर एक थर होते, गोधडीत असतात तसेच, आणि सुई किती खोल जाते त्यावर रंग ठरत होता. त्या दिवशी मी घरातल्या घरात एवढ्या उड्या मारल्या की आईने स्टोव्ह बाजूला सरकवला. आज माझी नात फोनवर बोट फिरवून हजार रंग निवडते. तिला मी सांगते की माझ्याकडे तीन होते आणि तिन्ही माझ्या मनगटात होते. ती ‘हो आजी’ म्हणते, पण लक्ष फोनमध्ये.

रंग मिळाला, आता हिशोब आला. अण्णांना मी शाळेचं काहीतरी आहे असं खोटंच सांगून विचारून घेतलं. फिल्मवर प्रत्येक चित्राला चार भोकं, आणि मशीनमधून एका सेकंदाला चोवीस चित्रं जातात. चोवीस चित्रांची पट्टी आईने सवयीने कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत मोजली आणि म्हणाली, "हे तर एक हात भरलं." खरंच, एक हात म्हणजे एक सेकंद. तेव्हापासून आम्ही घरात वेळ हातांनी मोजायला लागलो. मी ठरवलं, चाळीस हात करायचं. म्हणजे पोस्टाच्या तिकिटाएवढी नऊशे साठ चित्रं, सुईने, पाठीमागे काच आणि काचेमागे दारातलं ऊन. ढग आले की काम बंद. फिल्मची कोणती बाजू खरवडायची ते ओठाला लावून कळायचं. ओठाला चिकटते ती बरोबर. दिवसाला दहा चित्रं झाली तर दिवस चांगला गेला म्हणायचं. हात सुटून चूक झाली तर खोडता येत नाही. मग पुढच्या चित्रात थोडं सावरायचं, त्याच्या पुढच्यात आणखी थोडं, असं करत पाच-सहा चित्रांत चूक पोटात घ्यायची.

काढायचं काय, हा प्रश्न मला पडलाच नाही. सुईला सगळ्यात सोपं काय, तर मेंढरू. एक गुंतवळ आणि खाली चार काड्या. अण्णांचं घराणं गंगापूरकडचं, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागे हिंडणारं. ते सोळाव्या वर्षी कळप सोडून शहरात पळून आले, टॉकीजमध्ये झाडू मारायला लागले आणि झाडता झाडता केबिनपर्यंत पोचले. आईही तशाच घरातली. तिला मी पहिली आठ चित्रं दाखवली. तिने पट्टी उन्हात धरली आणि तोंड वाकडं केलं.

"हे मेंढरू हाय व्हय?"

"मग काय हाय?"

"कुत्रं हाय. मेंढरू असं पाय टाकत नाय." आणि माझी पंचेचाळिशीची आई, लुगड्याचा काष्टा घट्ट करून, चार पायांवर जमिनीवर उतरली. "हे बघ. आधी हा मागचा, मंग त्याच बाजूचा पुढचा. मंग त्या बाजूचा मागचा. आन्‌ मान कशी? सारखी खाली. पुढच्याच्या बुडाला नाक लावून चालतंय ते, त्याला वाट म्हाईत नस्ती." ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालली, मी कागदावर काढत गेले. "थांब, मागचा पाय परत दाखव." "गुडघे गेले गं बाई माहे." तरी परत चालली. तेवढ्यात शेजारीण पीठ मागायला आली आणि दारातच उभी राहिली. आई तशीच, खालून म्हणाली, "बसा की. पोरीला मेंढरू शिकवायलेय."

सहा महिने गेले. एक गोष्ट मला तेव्हा कुणी विचारली नाही, आता मात्र मी फिल्मवर चित्रं काढायला शिकवते त्या शिबिरांतली मुलं हमखास विचारतात. चित्र हलतंय की नाही हे मधूनमधून कसं तपासायचा? तपासायचे नाहीच. काळी पट्टी, तिच्यावर नखाएवढी मेंढरं. मी काढत होते ते चालतंय की जागच्या जागी तडफडतंय हे कळायला जगात माझ्यासाठी एकच जागा होती, अण्णांचं मशीन. तिथून ती पट्टी गेली नाही तर ती नुसती ओरखडलेली रद्दी होती, बरणीला बांधायची. सहा महिने मी या एका आशेवर बसले होते आणि ज्या माणसावर आशा होती त्यालाच सांगायची हिंमत होत नव्हती. कारण मी जे करत होते ते म्हणजे रेघा. नऊशे साठ चित्रांच्या मिळून हजारो रेघा, मुद्दाम पाडलेल्या.

अण्णांना कळलं ते साध्या कारणाने. त्यांना बरं नव्हतं म्हणून ते दुपारी लवकर घरी आले, आणि मी दारात काचेवर वाकलेली. त्यांनी पट्टी उचलली, उजेडात धरली. मी त्यांचा चेहरा बघत होते. पाया पडताना कुणाचा धक्का लागून मूर्ती फुटावी तसा झाला तो. "हे काय केलं?" म्हणाले. मी म्हणाले, "अण्णा, मेंढरं आहेत. चालतात." ते म्हणाले, "माही सारी जिनगानी रेघ पडू नये म्हणून गेली. आन्‌ माह्याच घरात सुईनं रेघा पाडायलेत." आई मध्ये पडली, "टाकायचीच तर पट्टी होती ती," तर तिच्याकडे बघून म्हणाले, "तुला म्हाईत व्हतं?" मग आठ दिवस ते आमच्याशी बोलले नाहीत. जेवताना रेघ पडली नाही हेसुद्धा सांगेनात. ते न सांगणं मला फार लागलं. मी डबा घेऊन जायचे, केबिनच्या दाराशी ठेवायचे आणि खालच्या पायरीवर बसून रडायचे.

तिथेच मला सिद्दीकी चाचा भेटले. ते टॉकीजचे मॅनेजर. पांढरा पायजमा, तोंडात कायम सुपारी, सगळ्या जगाला ‘पोट्टे’ आणि ‘पोट्टी’ म्हणणारे. "काईकू रोरी तू?" त्यांनी विचारलं. मी दप्तरातून पट्टी काढून दिली. त्यांनी ती ट्यूबलाइटकडे धरली, चष्मा कपाळावर चढवला, हातभर सरकवली, आणखी हातभर सरकवली. सुपारी चघळायची थांबली. "ये तू करी? सूई से?" "हौ चाचा." "एक एक?" "हौ." ते तसेच जिना चढून केबिनमध्ये गेले, मी मागे. "मुरली," ते अण्णांना म्हणाले, "कल ट्रायल में ये लगा."

दर शुक्रवारी सकाळी अण्णा मशीन उघडून पुसायचे आणि नवी प्रिंट चढवायच्या आधी रद्दीची एखादी पट्टी चालवून बघायचे. त्याला ट्रायल म्हणायचे. अण्णांनी मान हलवली. "नाय चाचा. खरवडलेल्या फिल्मीचा कीस निघतो. मशीनच्या गेटमधी एक कण राह्यला तर बारा वाजता नवी प्रिंट तिथूनच जायची. हिची मेंढरं चालतील, पर त्या प्रिंटवर रेघ पडली तर मी काय तोंड दाखवू?" त्यांचं चुकत नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं आणि म्हणूनच जास्त वाईट वाटत होतं. चाचा म्हणाले, "तो उसकू साफ कर ना. तेरेकू नै आता तो किसकू आता?" मी म्हणाले, "अण्णा, तुम्ही तपासा. एक जरी कण सापडला तर मी स्वतः स्टोव्हमध्ये घालीन." त्यांनी माझ्याकडे आठ दिवसांनी पहिल्यांदा पाहिलं. "उद्या नाय," म्हणाले. "पुढच्या शुक्रवारी. आधी बघू दे."

आणि मग त्यांनी जे बघितलं! रविवारी सकाळचे आठ वाजल्यापासून, भिंग लावून, दारातल्या उन्हात. हातात मलमलीचं पांढरं फडकं. चाळीस हात पट्टी त्यांनी दोन्ही बाजूंनी पुसली, मग फडकं झटकून, बघून, परत पुसली. भोकांच्या कडा फाटल्या होत्या तिथे जोड दिले. मी दोन ठिकाणी पट्टी उलटी जोडली होती, मेंढरं पाठीवर चालली असती, ते त्यांनी सुधारलं. आईने दोनदा चहा ठेवला, दोन्ही वेळा गार झाला. दुपारनंतर केव्हातरी ते पुसायचे थांबले आणि नुसतेच बघायला लागले. एक चित्र, पुढचं, परत मागचं. "मागचा पाय आधी टाकलास," ते म्हणाले. "व्हय. आईनं दाखवलं." "हां." एवढंच. पट्टी गुंडाळून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आता हिला हात लावू नको."

मी नाही लावला. आईने लावला. तिचं म्हणणं अगदी सरळ होतं. बरणीला बांधलेल्या, खिळ्याला टांगलेल्या, घरातल्या सगळ्या छापील पट्ट्यांना एका बाजूला काठ आहे. चित्र आणि भोकं यांच्यामध्ये दोन तांदळांएवढी जागा, आणि तिच्यात बारीक नागमोडी नक्षी वरपासून खालपर्यंत. माझ्या पट्टीला ती जागा नुसती काळी. "काठाबगर गोधडी असती व्हय? लोक म्हणतील आईनं शिकवलं नाय." मीही त्या नक्षीला काठच समजत होते. इतकी वर्षं फिल्म हाताळली, पण ती नक्षी काय आहे हे विचारायचं सुचलं नव्हतं. सोमवार ते गुरुवार, अण्णा कामावर गेले की आई बसायची. तिने माझ्या सुईने त्या काळ्या जागेत आडवे टाके खरवडले. गोधडीत घालते तसेच, एकामागोमाग एक, कुठे दाट तर कुठे विरळ, आणि प्रत्येक हातानंतर अण्णांच्याच पद्धतीने मलमलीने पुसलं. अण्णांना सांगायचं ठरलं होतं, पण ते आता कुठे बोलायला लागले होते. मग राहूनच गेलं.

शुक्रवारी मी शाळा बुडवली. नऊशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये आम्ही तिघं, आई, मी आणि चाचा. आई नवं लुगडं नेसली होती. पंखे बंद, बाजूचं दार उघडं, त्यातून ऊन आत आलेलं. चाचांनी दार लोटलं आणि वर बघून हात केला. केबिनमध्ये कार्बन पेटल्याचा चरचर आवाज आला, मशीन सुरू झालं आणि पडदा काळसर उजळला. मग हिरवं गवत आलं. थरथरणारं, डोलणारं, प्रत्येक काडी वेगळी. मी काढताना इतकं काही ठरवलं नव्हतं. माझा हात थरथरला होता म्हणून ते डोलत होतं. आणि उजवीकडून पहिलं मेंढरू आलं.

ते चालत होतं. मला एवढंच लिहिता येतं. मागचा पाय, त्याच बाजूचा पुढचा, मान खाली, आणि त्याच्या मागे दुसरं, तिसरं, पुढच्याच्या बुडाला नाक लावून, घराएवढी मोठी पांढरी मेंढरं पडदाभर. सहा महिन्यांत मी ज्यांना एकदाही चालताना पाहिलं नव्हतं ती माझ्या समोरून चालली होती. मी आईचा हात एवढा दाबला की तिच्या बांगड्या तिला रुतल्या.

आणि तेवढ्यात आवाज आला. आधी कुठूनतरी घोंघावल्यासारखा, मग मोठा होत कापरा, घोगरा, चढणारा, उतरणारा. भोंग्यातून सगळ्या हॉलभर. चाचा ताडकन उठले, "क्या टूटा रे?" मीसुद्धा घाबरले, मशीन मोडलं असंच वाटलं. अण्णा नंतर म्हणायचे की त्या क्षणी त्यांचा हात उजेड बंद करायच्या झडपेवर गेला होता. ट्रायलला आवाजही बघायचा असतो म्हणून त्यांनी सवयीने आवाजाचा दिवा लावला होता, आणि फिल्मच्या काठावरची ती नागमोडी नक्षी म्हणजेच आवाज असतो. दिवा तोच वाचतो. आईने चार दिवस बसून तिथे टाके घातले होते आणि मशीन आता आईचे टाके वाचत होतं. दाट असले की आवाज चढायचा, विरळ झाले की खाली यायचा, आणि हाताचे टाके कधीच सारखे नसतात म्हणून तो सारखा कापत होता. मेंढरू पुढे जायचं आणि जेमतेम एक सेकंदाने, मागून, तो आवाज. आईने माझा हात सोडला. "शके," ती म्हणाली, "मेंढरू वरडायलंय." पदर तोंडाला लावून ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. मध्येच आवाज एकदम थांबला, मेंढरं मुकाट चालली, मग परत सुरू झाला. झडप काही पडली नाही. चाळीसच्या चाळीस हात पट्टी गेली, पडदा पांढरा झाला आणि वर तिचं टोक रिळावर फट फट आपटायला लागलं.

केबिनच्या लहानशा खिडकीत अण्णांचं तोंड दिसलं आणि गेलं. ते गेट उघडून बघत असणार. मला आता मेंढरांचं सुख राहिलं नव्हतं. एकच कळत होतं, तिथे एक कण जरी असला तर हे पहिलं आणि शेवटचं. बऱ्याच वेळाने खिडकीतून एक हात बाहेर आला आणि त्यात ते मलमलीचं फडकं. पांढरं स्वच्छ. "काय नाय," अण्णा वरून म्हणाले, आणि थोडं थांबून, कुणी न विचारता, "परत लावतो."

परत गवत आलं, परत पहिलं मेंढरू आलं, परत मागून आवाज. या वेळी मी घाबरले नाही, नुसती ऐकत होते. अर्धी पट्टी गेली असेल, तर बाजूचं दार उघडलं आणि उन्हाच्या पट्ट्यातून अण्णा आत आले. कार्बन पेटलेला असताना ऑपरेटर मशीन सोडून जात नाही. फिल्म गेटमध्ये अडकली तर क्षणात जळून जाते. एका माणसाला चाचांनी एवढ्याच कारणाने घरी बसवलं होतं. चाचा ओरडले, "मुरली! मशीन पे कौन है?"

"कोणी नाय," अण्णा म्हणाले, आणि आईच्या शेजारच्या खुर्चीत बसले. वर त्यांना मशीनच्या खडखडाटात नीट ऐकू आलं नसावं. ते पुढे झुकून बसले होते, कोपरं गुडघ्यांवर, कळपाकडे बघत बसलेल्या माणसासारखे. मेंढरं चालली होती, ओरडत होती. आई त्यांच्याकडे बघेना. माझ्याकडेही बघेना. अण्णांनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "काठ कोण घातला?"

आई हळूच म्हणाली, "मी."

शेवटचं मेंढरू पडद्याबाहेर गेलं, त्याचा आवाज मागून आला आणि संपला, पडदा पांढरा झाला, वर टोक फट फट आपटायला लागलं. "भाग रे मुरली!" चाचा म्हणाले. अण्णा उठले, दारापर्यंत गेले, आणि तिथून वळून आईला म्हणाले, "मधी दोन हात काठ सुटलाय. तिथं मेंढरं मुकी व्हतेत. आज घरी गेल्यावर घाल."